मंदीच्या काळातली पदवी

२०२१ सालच्या जानेवारीतली गोष्ट आहे. टाळेबंदी उठून काही महिने झाले होते, पण गावात अजून पुरती हालचाल नव्हती. एका सकाळी माझ्याकडे एक मुलगी आली. तिचे वडील माझ्या ओळखीचे, शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला. मुलगी रसायनशास्त्र घेऊन आदल्याच वर्षी बी.एस्सी. झालेली. हातात प्लॅस्टिकची फाईल, तिच्यात मार्कलिस्टा, दाखले, फोटो, सगळं नीट लावलेलं. चहाचा कप तिनं तसाच ठेवला आणि म्हणाली, "सर, सव्वीस ठिकाणी अर्ज टाकले. दोन ठिकाणचं उत्तर आलं, तेही नकाराचं. पहिल्या वर्गात पास झाले. माझं काय चुकलं वो?"

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. नोकरी कशी शोधावी हे सांगणारा मी माणूस नव्हे. पण तिचा प्रश्न ऐकला आणि वाटलं, हा प्रश्न माझ्या विषयातलाच आहे. मंदी कोल्हापूरला नवी नाही. दुष्काळ, प्लेग, जागतिक मंदी, महायुद्ध, संस्थानाचं विलीनीकरण, कारखान्यांच्या बंद पडलेल्या पाळ्या हे सगळं या गावानं पाहिलं आहे. त्या त्या वेळी इथं शिकलेली मुलं होती आणि त्यांनाही काम हवं होतं. त्यांना ते कुठून मिळालं, कुणी दिलं, कुणाला मिळालंच नाही, याचा माग काढला तर त्या मुलीच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर सापडतं. आज तेच तुमच्यापुढं मांडायचं आहे.

सुरुवात अर्थातच शाहू महाराजांपासून करावी लागते. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ जागा होत्या. त्यातल्या ६० जागांवर एकाच समाजाची माणसं होती. कारकुनांच्या सुमारे ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडं जेमतेम १० होत्या. आता खेड्यातल्या एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा त्या काळी चुकूनमाकून शिकला असता, तर त्यानं अर्ज कुठं करायचा? अर्ज केलाच तर तो वाचणार कोण? जागा रिकामी झाल्याची बातमी ज्यांच्या घरात आधी पोचत होती, त्यांच्याच घरातला मुलगा त्या जागेवर बसत होता. यात कुणी मुद्दाम कट केला होता असं नाही. बहुतेक ठिकाणी असंच चालतं.

भास्करराव जाधवांसारखा एम.ए. झालेला तरुण महाराजांच्या नजरेस पडला आणि १८९५ साली त्यांना साहाय्यक सरसुभे म्हणून नेमण्यात आलं. पुढं हेच भास्करराव मुंबई इलाख्याचे मंत्री झाले. पण एका भास्कररावांना नोकरी दिल्यानं प्रश्न सुटत नाही, हे महाराजांच्या लवकरच ध्यानात आलं. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले, त्याच काळात प्लेगही आला. महाराजांनी दुष्काळी कामं काढली, स्वस्त धान्याची दुकानं उघडली, कामावर येणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी शिशुगृहं काढली. संस्थानाचा खजिना ओढगस्तीत असणार हे उघड आहे. अशा वेळी कुठलाही राजा नव्या नेमणुका करताना हात आखडता घेईल.

आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, २६ जुलै १९०२ रोजी, तो प्रसिद्ध हुकूम निघाला. संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांना द्याव्यात. हा हुकूम आपल्याला पाठ असतो. पण त्यातली एक बारीकशी तरतूद फार थोड्यांच्या लक्षात राहते. प्रत्येक खात्याच्या प्रमुखानं दर तीन महिन्यांनी आपल्या खात्यात कोण नेमलं याचं पत्रक पाठवायचं होतं. मला ही तरतूद हुकुमाइतकीच महत्त्वाची वाटते. चांगला हुकूम काढणं एक आणि तो पाळला जातो का हे तिमाहीला विचारणं दुसरं.

इथं थांबून एक गोष्ट पाहा. महाराजांनी त्या मुलांना उपदेश केला नाही. आणखी कष्ट करा, आणखी इंग्रजी शिका, धीर धरा, असं सांगून त्यांना वाटेला लावलं नाही. दार आतून बंद आहे हे त्यांनी ओळखलं आणि आधी ते उघडलं. मंदीत मुलांना सल्ला देण्याची आपल्याला फार घाई असते. तो देण्याआधी दार उघडं आहे का, हे पाहावं.

पण दार उघडलं तरी तिथवर पोचायचं कसं? भुदरगडच्या किंवा शाहूवाडीच्या खेड्यातला मुलगा कोल्हापुरात येऊन राहणार कुठं? १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क, अशी एकेक करून वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकातून आज फेरफटका मारला तरी त्यातल्या काहींच्या पाट्या दिसतात. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं.

बोर्डिंगनं मुलांना जेवण आणि छप्पर दिलं, हे आपण नेहमी सांगतो. त्यानं आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे ओळख. एकाच पंगतीला बसणाऱ्या मुलांपैकी एक पुढं मामलेदार कचेरीत लागतो, दुसरा शिक्षक होतो, तिसरा वकील. मग गावाकडून नवा आलेला मुलगा त्यांना विचारू शकतो, "तुमच्याकडं जागा निघणार आहे का?" शहरातल्या मुलाला ही माहिती ताटावर बसल्या बसल्या मिळते, खेड्यातल्या मुलाला ती बोर्डिंगनं मिळवून दिली. आपल्याकडं ओळख आणि वशिला यांची गल्लत होते. लायकी नसताना जागा मिळवून देतो तो वशिला. लायकी असलेल्याला जागा कुठं आहे हे कळवते ती ओळख. वशिल्याची चीड असावी, पण ओळखीची लाज वाटू देऊ नये. मंदीत तर बऱ्याच जागांची जाहिरातच निघत नाही, त्या तोंडोतोंडीच भरल्या जातात.

आता नोकरी मिळत नाही तर धंदा करा, हा सल्ला घेऊ. तोही जुनाच आहे. गंगाराम कांबळे यांची हकिकत कोल्हापुरात लहान मुलालाही माहीत असते. सरकारी पागेतला हा नोकर. स्पृश्यांच्या हौदातलं पाणी घेतलं म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामला स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल निघालं. अस्पृश्याच्या हॉटेलात चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी तिथं थांबवू लागले. सोबतच्या बड्या मंडळींना चहा घ्यायला लावू लागले. कागदावर सही हवी असेल तर आधी गंगारामचा चहा, असा रिवाजच पडला होता असं सांगतात.

धंद्याच्या उपदेशात जे नेमकं सुटतं ते या गोष्टीत आहे. भांडवल देणारे भेटतात, आज तर बँकांच्या योजनाही आहेत. पण गिऱ्हाईक कोण देणार? त्याच सुमाराचं मुंबईतलं उदाहरण पाहा. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. तिथं त्यांना राहायला धड जागासुद्धा मिळाली नाही. नोकरी सोडून मुंबईला आल्यावर त्यांनी शेअर्स आणि रोख्यांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा कोणत्या जातीचा हे कळल्यावर अशिलं यायची बंद झाली आणि तो व्यवसाय मिटवावा लागला. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. दोन वर्षांनी कोल्हापूरच्या याच राजानं माणगावच्या परिषदेत त्यांचं जाहीर स्वागत केलं आणि 'मूकनायक'ला पैशाचं साहाय्यही केलं. त्या काळात या देशात बाबासाहेबांइतकं शिकलेली माणसं किती होती? त्यांना काम मिळत नव्हतं, यात त्यांचं काय चुकलं होतं?

मी त्या मुलीला प्रथम हेच सांगितलं. सव्वीस नकारांचा अर्थ सव्वीस चुका असा होत नाही.

पण इतिहास एवढंच सांगत नाही. दार बंद असताना तरुणांनी स्वतः काय केलं, हेही तो सांगतो. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकले, पण मॅट्रिकची पायरी त्यांना ओलांडता आली नाही. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या धरल्या. पुढं ओगल्यांच्या काचसामानाचे आणि मग किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते झाले. नांगर विकायला गावोगाव फिरायचं, पारावर बसायचं, शेतकऱ्याला लाकडी नांगर सोडून लोखंडी नांगर घ्यायला राजी करायचं. त्या काळच्या एखाद्या शिकलेल्या घरात ही नोकरी कुणी मानाची मानली असती असं वाटत नाही. पण या भटकंतीत भाऊरावांनी सातारा-सांगलीकडची खेडी जितकी पाहिली तितकी फार थोड्यांनी पाहिली असतील. कोणत्या गावात शाळा नाही, कुणाचा पोरगा हुशार आहे, कोण पाटील जागा देईल, हे त्यांना पाठ झालं. १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था निघाली, ती या ओळखीच्या बळावर वाढली. आणि या संस्थेनं काय शिकवलं, तर कमवा आणि शिका. मुलांनी शेतात राबावं, स्वयंपाक करावा, इमारतीचे दगड उचलावेत आणि त्याच हातांनी पुस्तक धरावं. पुढं शिवाजी विद्यापीठातही ही योजना आली. तिच्यातून शिकलेले कितीतरी जण आज मोठ्या जागांवर आहेत.

भाऊरावांना मिळालेली पहिली नोकरी त्यांच्या स्वप्नातली नव्हती. तरी पुढचं सगळं तिच्यातूनच उभं राहिलं.

१९२९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. आपल्याकडं तिचा मार पहिल्यांदा शेतकऱ्याला बसला. शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. शेतसारा मात्र तेवढाच होता आणि सावकाराचं व्याजही. बायकांच्या अंगावरचं सोनं बाजारात आलं आणि १९३१ पासून ते बोटी भरभरून परदेशी गेलं. ज्यांनी जमिनीचा तुकडा गहाण टाकून मुलाला कॉलेजात घातलं होतं, त्यांच्या घरात पदवी आली तेव्हा नोकऱ्या आटल्या होत्या. सुशिक्षितांची बेकारी हा शब्दप्रयोग तेव्हापासून वर्तमानपत्रांत नित्याचा झाला. उत्तरेत संयुक्त प्रांताच्या सरकारनं सर तेजबहादूर सप्रूंच्या अध्यक्षतेखाली खास याच प्रश्नासाठी समिती नेमली, तिचा अहवाल १९३५ साली आला. म्हणजे पदवीधरांची बेकारी हा देशाचा प्रश्न आहे, एकट्यादुकट्या मुलाचा आळस नव्हे, हे नव्वद वर्षांपूर्वी सरकारदरबारीही मान्य झालं होतं.

त्याच मंदीत कोल्हापुरात काय चाललं होतं पाहा. बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम या चौघांनी सीतारामपंत कुलकर्णींच्या भांडवलावर १ जून १९२९ रोजी 'प्रभात' सुरू केली. चार महिन्यांत जग मंदीत गेलं. वर आणखी एक संकट आलं. १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटांचा जमाना संपायला लागला. प्रभातकरांनी ध्वनिमुद्रण शिकून घेतलं आणि १९३२ साली इथंच 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट तयार केला. त्याचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, त्यात भूमिकाही त्यांनी केली. टेंबे आले संगीत नाटकातून. नाटक कंपन्यांचे दिवस फिरले होते. ज्या बोलपटानं नाटकाचा प्रेक्षक पळवला, त्याच बोलपटाला गाणी हवी होती, गाणाऱ्यांना शिकवणारा हवा होता. टेंब्यांचं सुरांचं ज्ञान तेच राहिलं, फक्त ते कुठं वापरायचं ती जागा बदलली.

'प्रभात' १९३३ साली पुण्याला गेली हे खरं. पण तोवर कॅमेरा, सेट, प्रकाशयोजना जाणणारी माणसं या गावात तयार झाली होती. कंपनी गेली तरी काम येणारे हात मागं राहिले आणि पुढची कित्येक वर्षं कोल्हापूर चित्रनगरी म्हणून टिकलं ते अशा हातांमुळं.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तसंच झालं. परदेशी ऑइल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग यायचे बंद झाले. नदीकाठच्या मळ्यांवर पाणी उपसणारी इंजिनं बंद पडून चालणार नव्हती. मग इथल्या मिस्त्री लोकांनी भाग ओतून, तासून द्यायला सुरुवात केली आणि त्यातूनच अख्खी इंजिनं करू लागले. उद्यमनगर आणि पुढच्या फाउंड्र्यांची मुळं त्या कामात आहेत. या मिस्त्रींपैकी बहुतेकांकडं पदवी नव्हती, पण बाजारात नेमकं कशावाचून अडलं आहे हे त्यांनी बरोबर हेरलं. जाहिरात वाचून तिच्यामागं धावण्यापेक्षा कुणाचं काय अडलं आहे ते पाहावं, हे मंदीत काम शोधणाऱ्यानं या मिस्त्रींकडून शिकावं.

१९४९ साली संस्थान विलीन झालं. दरबारच्या नोकरीची जागा सरकारी नोकरीनं घेतली. १९५९ च्या कायद्यानं रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक झालं. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघालं आणि कोल्हापूरपासून सोलापूर-रत्नागिरीपर्यंतच्या मुलांना पदवीचं दार उघडलं. डॉ. आप्पासाहेब पवारांनी त्या माळावर जे उभं केलं ते मोठंच. पण पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडते न पडते तोच दोन दुष्काळ, रुपयाचं अवमूल्यन आणि १९६६-६७ ची मंदी आली. त्या वर्षांत देशभर इंजिनिअरसुद्धा बेकार हिंडत होते. नंतर १९७२ चा दुष्काळ.

मी पदवीधर झालो तो १९७३ साली. त्यामुळं पुढचं मी पुस्तकातून सांगत नाही. सकाळी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन 'पाहिजेत'च्या जाहिराती उतरून घ्यायच्या. पोस्टल ऑर्डर काढायची. दाखल्यांच्या नकलांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यायची. त्या एका सहीसाठी मी किती उंबरे झिजवले! २०१४ नंतर स्वतःची सही चालू लागली, तेव्हा मला आजच्या मुलांचा हेवा वाटला. एक्स्चेंजचं कार्ड काढलं होतं, ते मुदतीत नवं करत राहायचं आणि कॉलची वाट बघायची. संध्याकाळी टायपिंग. चाळीतली माणसं आईला विचारायची, "पोरगं कुठं चिकटलं का?" आई म्हणायची, "बघतोय." तो 'बघतोय' मला अजून ऐकू येतो.

एका कार्यालयात मुलाखतीला गेलो, तर जागा आधीच भरली असल्याचं शिपायानं बाहेरच सांगितलं. मुलाखती मात्र दिवसभर चालू होत्या. त्या दिवशी मी रंकाळ्यावर दोन तास नुसता बसून राहिलो. माझ्यातच काही खोट आहे, असं मला मनापासून वाटलं होतं.

शेवटी काम मिळालं ते एका गुळाच्या अडत दुकानात, दिवाणजींच्या हाताखाली. सौदे झाले की रवे मोजायचे, शेतकऱ्याची पट्टी करायची, हमाली-तोलाई वजा करायची. बी.ए. होऊन गुळाचे रवे मोजतो, म्हणून मी मित्रांना तोंड चुकवत होतो. दीड वर्ष ते काम केलं आणि सोबत एम.ए. केलं. पुढं प्राध्यापक झालो, संशोधनाला विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मी कोल्हापूरची गूळ बाजारपेठच निवडली. चोपडी कशी वाचायची, खुणेचे शब्द कोणते, कसर कुठं लपते हे मला त्या दिवाणजींनी शिकवलं होतं. विद्यापीठात हे शिकवणारं कुणी नव्हतं.

पुढच्या मंद्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि काही आठवड्यांत इथल्या फाउंड्र्यांच्या ऑर्डरी आटल्या. शिरोली, गोकुळ शिरगावला पाळ्या कमी झाल्या. कॅम्पसमधून निवड झालेल्या मुलांना रुजू होण्याच्या तारखा पुढं ढकलल्याची पत्रं आली. २०१९ साली मोटारींचा खप घसरला, त्याच ऑगस्टमध्ये महापूर आला आणि सहा-सात महिन्यांत टाळेबंदी. न्यूयॉर्कच्या बँकेचा आणि शिरोलीच्या भट्टीचा संबंध काय, असं आपल्याला वाटतं. पण मोटार विकली गेली नाही की तिच्यात बसणारं ओतीव काम थांबतं आणि त्या साखळीच्या टोकाला कुणाच्या तरी घरातली पाळी बंद होते. त्या मुलीच्या घरात तेच झालं होतं. वडिलांना आठवड्यातून तीनच दिवस काम होतं.

मग तिला मी काय सांगितलं? इतिहासातून निघालं तेवढंच सांगितलं. नोकरी नाही हे लपवू नकोस. लपवलं की ओळखीची माणसं मदत करू शकत नाहीत, कारण त्यांना ठाऊकच नसतं. कुणाकडं गेलीस तर "नोकरी द्या" म्हणू नकोस, कारण मंदीत समोरच्यालाही नाही म्हणताना संकोच वाटतो आणि तो तुला टाळायला लागतो. "तुमच्या धंद्यात सध्या कुठलं काम अडलंय?" असं विचार. याचं उत्तर माणसं आनंदानं देतात. एकच अर्ज सव्वीस ठिकाणी पाठवण्यापेक्षा पाच ठिकाणांची नीट माहिती काढ आणि त्या प्रत्येक ठिकाणी आपण काय करू शकू ते चार ओळींत लिही. पदवीच्या जोडीला हातात एखादं काम असू दे, मग ते हिशेब लिहिण्याचं असो, यंत्र चालवण्याचं असो की प्रयोगशाळेतलं. पहिलं काम मनासारखं नसेल तर ते कायमचं समजू नकोस, पण तिथं असेपर्यंत त्यातलं सगळं शिकून घे. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर जरूर दे, मात्र किती वर्षं द्यायची ते आजच कागदावर लिहून आईवडिलांना दाखव. आणि नोकरी लावतो म्हणून आगाऊ पैसे मागणारा कुणीही असो, त्याच्या दारातून परत ये. मंदीत खऱ्या नोकऱ्या कमी होतात आणि खोट्या विकणारे वाढतात.

हे सगळं सांगून मी गप्प बसलो असतो तर मीही नुसता उपदेशकच ठरलो असतो. म्हणून फोन उचलला. माझा एक जुना विद्यार्थी एका फाउंड्रीत हिशेबनीस आहे. त्याला विचारलं, "तुमच्याकडं काय अडलंय?" तो म्हणाला, "सर, भरती बंद आहे. पण वाळू तपासणारा माणूस गावाकडं गेला तो परत आला नाही." साच्याच्या वाळूत ओलावा किती, माती किती, हे रोज तपासावं लागतं, नाहीतर माल नापास होतो. रसायनशास्त्राच्या मुलीला ते शिकायला किती दिवस लागणार? तीन महिन्यांसाठी, अगदी कमी पगारावर तिला घेतलं. या जागेची जाहिरात कुठंही आली नव्हती. ज्या धंद्यात तिच्या वडिलांचे हात भाजले, त्या धंद्याच्या प्रयोगशाळेत अर्ज करावा असं तिच्याही मनात आलं नव्हतं. पुढं ती तिथंच कायम झाली, आता वितळलेल्या धातूचे नमुने तपासते.

सगळ्यांचं असं होत नाही, हे मला माहीत आहे. तिच्याच वर्गातले काही जण अजून फॉर्म भरत आहेत. म्हणून शेवटचं सांगणं तरुणांना नाही, आपल्यासारख्या जाणत्यांना आहे. ज्याच्या हातात चार जागा आहेत त्यानं आलेल्या अर्जाला दोन ओळींचं का होईना, उत्तर द्यावं. जागा आधीच भरली असेल तर मुलाखतीचं नाटक करू नये. शेजारच्या मुलानं दुकान काढलं तर कौतुक करून घरी परतण्याऐवजी त्याच्याकडून काहीतरी विकत घ्यावं. निवृत्त माणसांनी आपल्या ओळखी कपाटात ठेवू नयेत. आणि वाटेत भेटलेल्या आईला "पोरगं चिकटलं का?" असं विचारण्याआधी, आपण त्याच्यासाठी कुणाला एक फोन केला आहे का, हे स्वतःला विचारावं.

भाऊसिंगजी रोडवर गाडी थांबवणाऱ्या त्या राजाचं राज्य गेलं, संस्थानही गेलं. गंगारामच्या हॉटेलात एक कप चहा घ्यायला मात्र राजा असण्याची गरज नव्हती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)